आधी पान उघडा, मग कातडे पाहा
वाचकांचे प्रश्न : बायबलची प्रत निवडताना

बायबलची नवी प्रत घ्यायची आहे, कोणती घ्यावी, असे विचारणारी पत्रे वरचेवर येतात. त्यांतले काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रे जोडून एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : आजी ७८ वर्षांची आहे. जुन्या प्रतीतले अक्षर तिला आता लागत नाही. म्हणून वेष्टनावर ‘मोठा टाइप’ लिहिलेली प्रत आणली, तरी डोळे शिणतात म्हणते. असे का होते?

‘मोठा टाइप’ या शब्दांना ठरलेले माप नाही. एकाचा मोठा टाइप १० पॉइंटांचा असतो, दुसऱ्याचा १४ पॉइंटांचा. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, साधारण ०.३५ मिलिमीटर. पण हे माप नुसत्या अक्षराचे नसते, त्याच्या वरखालची जागाही त्यात धरलेली असते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे मधले मूळ अक्षर बरेच लहान राहते.

म्हणून सहा इंची पट्टी सोबत ठेवा आणि दोन मापे घ्या. शिरोरेखेपासून ‘क’च्या पायापर्यंतची उंची आजीच्या वयाला ३ मिलिमीटरच्या आसपास हवी. मग सलग १० ओळी मोजा. १४ पॉइंटांच्या अक्षराला ओळींसाठी २० पॉइंट दिलेले असतील, तर १० ओळी सुमारे ७० मिलिमीटर भरतात. त्या ५५-६० मिलिमीटरमध्येच कोंबलेल्या असतील, तर अक्षर मोठे असूनही पान वाचवत नाही. असे पान जवळून पाहा. वरच्या ओळीतल्या ‘पुत्र’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’च्या वेलांटीला टेकलेला दिसेल. दोन ओळींत पांढरी पट्टी उरत नाही आणि नजर ओळ धरून पुढे सरकू शकत नाही. तुमच्या आजीचे डोळे शिणतात त्याचे कारण बहुतेक हेच असावे.

तिला वाचून पाहायला काय द्यायचे, हेही महत्त्वाचे. स्तोत्र २३ किंवा योहान ३:१६ देऊ नका, ते तिला पाठ असेल आणि डोळ्यांऐवजी आठवणच वाचून दाखवेल. १ इतिहास या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय उघडा. तिथे वंशावळीच वंशावळी आहेत, नावांवर नावे आहेत आणि कोणतेही नाव अंदाजाने वाचता येत नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांत गोंधळ न होता अर्धे पान वाचता आले, तर ती प्रत तिच्या डोळ्यांना मानवेल.

मागच्या पानाची छपाई पुढे उमटून दिसते का, तेही पाहा. साध्या पुस्तकाचा कागद ७०-८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) असतो, बायबलचा बहुधा २८ ते ४०. एवढ्या पातळ कागदावर मागचे थोडे दिसणारच. चांगला छापखाना दोन्ही बाजूंच्या ओळी नेमक्या एकमेकींच्या पाठीवर बसवतो, म्हणजे करडी सावली अक्षरांमागे लपते आणि ओळींमधली जागा कोरी राहते. एक पान उजेडासमोर धरले की हे लगेच कळते. ओळी सरकलेल्या असतील, तर दिव्याखाली ते पान मळकट दिसेल.

शेवटी वजन. मोठ्या टाइपाचे अखंड बायबल २ किलोच्या वर सहज जाते आणि ते मांडीवर तासभर पेलवत नाही. आजी मुख्यतः शुभवर्तमाने आणि स्तोत्रे वाचत असेल, तर ‘नवा करार व स्तोत्रसंहिता’ एवढीच मोठ्या टाइपातली प्रत घ्या. अखंड प्रत लाकडी घोडीवर उघडी ठेवता येईल.

प्रश्न : एक रकाना बरा की दोन? प्रत्येक वचन नव्या ओळीवर असावे की परिच्छेदात सलग? मी रोज दोन-चार अध्याय वाचतो आणि रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचण्याची जबाबदारीही माझ्याकडे आहे.

तुमची दोन कामे दोन वेगळी पाने मागतात.

उपासनेत वाचताना नजर वर उचलून पुन्हा नेमक्या जागी परत यायला हवी. तिथे प्रत्येक वचन नव्या ओळीवर सुरू होणारे पान सोयीचे. अरुंद रकाना आणि डाव्या कडेला आकड्यांची उतरंड असली, की बोट न ठेवताही जागा सापडते.

घरी सलग वाचताना मात्र हीच मांडणी आड येते. अध्यायांची आज रूढ असलेली विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, ती पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेल्या स्टीफन लँग्टन यांच्या नावाने ओळखली जाते. नव्या करारातले वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले. मूळ लेखकांनी यातले काहीच लिहिले नव्हते. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली ३ ते १४ ही बारा वचने मूळ ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे. ती बारा ओळींत सुटी छापली, की बारा सुविचार लागोपाठ मांडल्यासारखी दिसतात आणि पौलाच्या वाक्याचा ओघ तुटतो. अध्यायांचेही तसेच. उत्पत्तीत सृष्टीच्या सहा दिवसांनंतरचा सातवा दिवस दुसऱ्या अध्यायात जाऊन पडला आहे. यशयातले दुःखसहन करणाऱ्या सेवकाचे गीत ५२:१३ पासून सुरू होते, पण आपण वाचायला बसतो ते ५३ पासून. परिच्छेदांच्या मांडणीत निदान उपशीर्षक योग्य जागी देता येते.

जुन्या छपाईतही परिच्छेदाची सोय होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात वचने सुटी असली, तरी नवा परिच्छेद सुरू होतो तिथे ¶ ही खूण आहे. गंमत म्हणजे नव्या करारात ही खूण प्रेषितांची कृत्ये २०:३६ नंतर दिसतच नाही. तुमच्याकडे किंग जेम्सची साधी प्रत असेल, तर उघडून पाहा.

आता रकाने. दोन रकान्यांत कागद वाचतो, म्हणून बहुतेक प्रती तशाच असतात. गद्याला ते चालते. पण मराठीत शब्द ओळीच्या शेवटी तोडण्याची चाल फारशी नाही, आणि ‘नबुखद्नेस्सर’सारखे नाव अरुंद ओळीत मावले नाही की ते खाली उतरते आणि वरच्या ओळीत शब्दांमध्ये भोके पडतात. दोन्ही कडा सरळ राखायच्या हट्टाने ती भोके आणखी रुंद होतात.

खरा घात होतो तो काव्याचा. जुन्या कराराचा जवळजवळ तिसरा हिस्सा काव्य आहे आणि हिब्रू काव्याचा जीव दोन ओळींच्या जोडीत असतो. पहिली ओळ काही म्हणते आणि दुसरी तेच वेगळ्या शब्दांत उचलून धरते किंवा उलटवते. स्तोत्र १९ चे पहिलेच वचन घ्या. आधी आकाश बोलते, मग त्याच अर्थाने अंतराळ बोलते. ही जोडी डोळ्यांना दिसायची, तर प्रत्येक ओळ अखंड राहायला हवी. चार-पाच शब्दांच्या रकान्यात प्रत्येक ओळ मोडून तिचा एखादा शब्द खाली लोंबतो आणि मूळची ओळ कुठली, मोडलेली कुठली, हे कळेनासे होते. स्तोत्रे, ईयोब, नीतिसूत्रे आणि यशया ज्यांना मनापासून वाचायचे आहेत, त्यांनी एका रकान्याची प्रत घ्यावी.

मात्र एक रकाना घेताना दोन गोष्टी तपासा. ओळ १२-१३ शब्दांपेक्षा लांब असेल, तर पुढच्या ओळीची सुरुवात सापडायला त्रास होतो. आणि शिवणीकडचा आतला समास १२ ते १५ मिलिमीटर हवा. तो अपुरा असला, की ओळींची एक बाजू घळीत शिरते आणि प्रत दाबून धरून वाचावे लागते.

संदर्भवचनांबद्दल, म्हणजे त्याच विषयाच्या इतर वचनांकडे बोट दाखवणाऱ्या टिपांबद्दल, एवढेच, की ती पायाशी किंवा बाहेरच्या समासात असावीत. मजकुरातल्या शब्दांवर बारीक अक्षरे टांगलेली असली, तर देवनागरीत ती मात्रा-रफारांत मिसळतात. उपासनेत वाचणाऱ्याला तर ती नकोतच.

एकच प्रत घ्यायची असेल, तर आमचे मत परिच्छेदांच्या बाजूने आहे. फक्त वचनांचे आकडे ठळक असलेली निवडा, म्हणजे रविवारीही अडणार नाही.

प्रश्न : येशूचे शब्द लाल अक्षरांत असलेली प्रत घ्यावी का?

ही पद्धत तशी अलीकडची. लुई क्लॉप्श यांनी १८९९ साली अमेरिकेत असा नवा करार काढला, तिथून ती रूढ झाली. शुभवर्तमानांत काही शोधायचे असेल, तर तिचा उपयोग होतो.

दोन अडचणी आहेत. लाल शाई पातळ कागदावर फिकट, गुलाबीकडे झुकणारी उठते आणि पिवळ्या दिव्याखाली आणखी मंद होते. मत्तयाच्या ५ ते ७ या अध्यायांत, म्हणजे डोंगरावरील प्रवचनात, जवळजवळ सगळी पाने लाल असतात. तीच रात्रीच्या उजेडात वाचून पाहा. दुसरी अडचण अर्थाची. मूळ ग्रीकमध्ये अवतरणचिन्हे नाहीत. येशूचे निकदेमाशी चाललेले बोलणे योहान ३:१५ ला संपते की ३:२१ ला, यावर अभ्यासकांत एकमत नाही. म्हणजे ३:१६ लाल छापायचे की काळे, हे संपादकाने ठरवलेले असते. हे ध्यानात ठेवून घेतलीत, तर लाल अक्षरांत वावगे काही नाही.

प्रश्न : मराठीत कोणते भाषांतर घ्यावे? आर.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) जड जाते. सोप्या भाषेतले घेतले, तर मंडळीतल्या वाचनाशी शब्द जुळत नाहीत. सोबतीला एक इंग्रजीही हवे आहे.

मराठीत भाषांतराचा प्रवाह जुना आहे. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी आणि त्यांचे पंडित यांच्या हातचा नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८११ साली निघाला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या माणसांच्या मराठीत अखंड बायबल उतरवले. त्या १९२२ साली वारल्या आणि ते पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झाले. आज हाताशी सहज येते ते बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे ‘पवित्र शास्त्र’, म्हणजेच आर.व्ही., आणि त्याचे पुनर्संपादित रूप. त्याशिवाय ईआरव्ही (ईझी-टू-रीड व्हर्जन) हे सोप्या भाषेतले भाषांतरही मिळते.

आर.व्ही. मूळच्या शब्दांना धरून चालते. म्हणून त्याची वाक्ये लांब असतात आणि एक मूळ शब्द बऱ्याच ठिकाणी एकाच मराठी शब्दाने येतो. अभ्यासाला हे हवेच असते, कारण शब्दसूचीत ‘नीतिमत्त्व’ शोधले की सगळ्या जागा हाती लागतात. सोप्या भाषांतरात वाक्ये तोडलेली असतात आणि अर्थ उलगडून सांगितलेला असतो. सलग कथानक वाचायला, मुलांना वाचून दाखवायला आणि पहिल्यांदाच बायबल हाती घेणाऱ्याला ते बरे. पण दोन अर्थ संभवतात तिथे भाषांतरकाराने एक निवडलेला असतो आणि दुसरा होता, हे तुम्हाला कळतही नाही.

कोणते भाषांतर कुठे उभे आहे, हे प्रस्तावनेपेक्षा काही ठरावीक जागा पाहून लवकर समजते.

१ शमुवेल २४:३ काढा. शौल गुहेत शिरतो ते मूळ हिब्रूत ‘पाय झाकायला’. हा शौचाला बसण्याचा सभ्य वाक्प्रचार आहे. किंग जेम्समध्ये तो शब्दशः आहे, तर एन.आय.व्ही. (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) या इंग्रजी भाषांतरात अर्थ सरळ सांगितला आहे. स्तोत्र १६:७ मध्ये मूळ शब्द ‘मूत्रपिंडे’ असा आहे, कारण हिब्रू माणसाचे अंतर्मन तिथे वसते. आपण त्या जागी अंतःकरण म्हणतो. तिसरी जागा रोमकरांस पत्र ३:२५. तिथला प्रायश्चित्ताचा शब्द काही भाषांतरे एका पारिभाषिक शब्दात ठेवतात, काही वाक्यभर समजावून सांगतात. या तीन जागा शेजारी शेजारी वाचल्या, की हातातल्या भाषांतराचा स्वभाव कळतो.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. देवाच्या हिब्रू नामासाठी इंग्रजी भाषांतरे बहुधा ‘लॉर्ड’ हा शब्द मोठ्या लिपीत छापतात आणि साध्या ‘प्रभू’साठी तोच शब्द नेहमीच्या लिपीत. स्तोत्र ११०:१ मध्ये दोन्ही एकाच वाक्यात येतात. हा फरक छापील पानावर दिसतो, मोठ्याने वाचताना ऐकू येत नाही. मराठीत परमेश्वर आणि प्रभू असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे आपल्याला तो कानांनीही कळतो.

तुमच्यासाठी आर.व्ही. मुख्य प्रत असू द्या, मंडळीत तेच वाचले जाते आणि पाठांतर एकाच भाषांतरातून झालेले बरे. सोपे भाषांतर शेजारी ठेवा. वाक्य अडले की तिथे पाहायचे आणि परत यायचे. इंग्रजीत शब्दाला धरून चालणारे ई.एस.व्ही. (इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन) किंवा एन.के.जे.व्ही. (न्यू किंग जेम्स व्हर्जन), आणि थोडे मोकळे हवे असेल तर एन.आय.व्ही. मात्र घेताना शीर्षकपानाच्या मागची बाजू वाचा. एन.आय.व्ही.चे १९८४ आणि २०११ हे दोन पाठ सारखे नाहीत. ई.एस.व्ही. २००१ साली आले, पण २००७, २०११ आणि २०१६ साली त्यात बदल झाले. अभ्यासगटात सगळ्यांच्या मुखपृष्ठावर एकच नाव आणि आत शब्द वेगळे, असे होते ते यामुळेच. किंग जेम्स म्हणून आज जे छापले जाते, तेही बव्हंशी १७६९ चे ऑक्सफर्डचे सुधारलेले रूप आहे.

प्रश्न : नव्या प्रतीत मत्तय १७:२० नंतर थेट १७:२२ आहे. प्रेषितांची कृत्ये ८:३७ ही नाही. प्रत सदोष आहे का? बदलून घ्यावी का?

सदोष नाही. वचनांचे आकडे घातले गेले तेव्हा मुद्रकांपुढे उत्तरकालीन ग्रीक हस्तलिखितांवरून छापलेला पाठ होता. पुढे त्याहून जुनी हस्तलिखिते अभ्यासात आली आणि त्यांत काही वचने आढळली नाहीत. नव्या भाषांतरांनी ती मजकुरातून काढून तळटिपेत दिली, पण आकडे बदलले नाहीत. बदलले असते, तर जगभरचे संदर्भ चुकले असते. म्हणून आकडा गाळलेला दिसतो. मत्तय १८:११, मार्क ९:४४ व ९:४६, योहान ५:४ आणि रोमकरांस १६:२४ याही अशाच जागा आहेत. मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३-८:११ हे मोठे उतारे बहुतेक प्रतींत कंसात किंवा टिपेसह असतात. तळटिपा अजिबात नसलेली प्रत यासाठीच टाळावी. वचन गाळले आणि कारणही सांगितले नाही, तर वाचक बुचकळ्यात पडणारच.

सदोष प्रत निराळी ओळखावी लागते. त्यात वचनाचा नव्हे, पानाचा आकडा तुटतो. पृष्ठ ६४० नंतर एकदम ६७३ आले, तर ३२ पृष्ठांचा एक आख्खा फर्मा, म्हणजे छापलेला कागद दुमडून केलेला पानांचा जुडगा, शिवायचा राहिला आहे. कधी तोच फर्मा दोनदा येतो, कधी उलटा लागतो. विकत घेतल्याच्या दिवशी बसून सगळी पृष्ठे क्रमाने उलटून पाहा. पाऊण तास जातो, पण हा दोष दुरुस्त होत नाही, प्रत बदलूनच घ्यावी लागते.

स्तोत्रांचे आकडे जुळत नसतील, तर तिसरेच कारण असते. ग्रीक परंपरेत ९ आणि १० ही स्तोत्रे एक धरली आहेत, त्यामुळे पुढची बरीच स्तोत्रे एकाने मागे पडतात आणि आपले २३वे तिथे २२वे होते.

प्रश्न : कॅथलिक घरात भेट द्यायची आहे. कोणतीही चांगली प्रत चालेल ना?

अनुक्रमणिका मोजा. प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तके असतात, कॅथलिक प्रतीत ७३. जादा सात जुन्या करारातली : तोबीत, यहूदीत, मक्काबींची दोन, शलमोनाचे ज्ञान, सिराख आणि बारूख. शिवाय एस्तेर आणि दानीएल यांत काही भाग अधिक असतो. ती नसलेली प्रत त्यांच्या उपासनेतल्या काही पाठांना पुरी पडणार नाही. कॅथलिक प्रतीच्या सुरुवातीला धर्माधिकाऱ्यांची छपाईची संमती छापलेली असते, तीही पाहा.

प्रश्न : ‘लेदर’ लिहिलेली महागडी प्रत घेतली. तीन वर्षांत पाठीजवळ तडे गेले आणि उत्पत्तीची पाने सुटली. याहून चांगले कातडे कोणते?

तुमच्या प्रतीत दोन वेगळे बिघाड झाले आहेत. पाने सुटली त्याच्याशी कातड्याचा संबंध नाही.

पाने धरून ठेवते ती आतली बांधणी. तिचे दोन प्रकार. जुजबांधणीत छापलेले कागद दुमडून फर्मे करतात, प्रत्येक फर्मा घडीतून दोऱ्याने शिवतात आणि तोच दोरा पुढच्या फर्म्यात नेतात. १५३६ पृष्ठांचे बायबल ३२ पृष्ठांच्या फर्म्यांत असेल, तर असे ४८ फर्मे एकमेकांना शिवलेले असतात. दुसऱ्या प्रकारात घड्यांची बाजू यंत्राने कापून टाकतात आणि सुट्या पानांच्या कडांना गरम गोंद लावतात. जाड कागदाच्या कादंबरीला ते पुरते. बायबलच्या कागदाची कड इतकी पातळ असते की गोंदाला पकडायला जागाच नसते. गोंद जुना होऊन कडक झाला, की जिथे प्रत वारंवार उघडते तिथे तो तडकतो आणि पाने एकेक करून हातात येतात.

ओळखायचे असे. प्रत मिटून पाठीची वरची टोके न्याहाळा. शिवलेल्या प्रतीत लहान लहान घड्यांची रांग दिसते, चिकटवलेल्या प्रतीत कापलेल्या कागदांचा सपाट गठ्ठा. वर रंगीत पट्टी लावलेली असली, तर तिच्या आतून पाहा. ही पट्टी शोभेची असते, ती पाहून शिवण आहे असे समजू नका. मग दोरा शोधा. तो प्रत्येक घडीत दिसत नाही, फर्म्याच्या मधोमध दिसतो. ३२ पृष्ठांचा फर्मा असेल, तर पहिल्याच्या १६व्या आणि १७व्या पृष्ठांच्या मध्ये, मग दर ३२ पृष्ठांनी. दोनतीन ठिकाणी पांढरे टाके दिसले, की शंका उरत नाही.

उत्पत्तीची सुरुवात आणि प्रकटीकरणाचा शेवट नीट सपाट उघडत नाही, अशीही तक्रार येते. चांगल्या प्रतींत पहिला आणि शेवटचा फर्मा बाजूनेही शिवून घेतात, कारण जिल्दीचा सगळा ओढा तिथेच पडतो. त्यामुळे ती पाने थोडी ताठ राहतात. ताकदीपायी झालेली ही गैरसोय सोसावी.

आता वरचे आवरण. ‘बॉन्डेड लेदर’ म्हणजे कातड्याचा भुगा चिकटद्रव्यात कालवून लाटलेली पट्टी. नाव लेदरचे, पण सलग तंतू नसल्याने घडीवर ती चिरते. तुमच्या पाठीवरचे तडे बहुधा यातलेच. रेक्झिनसारखी कृत्रिम आवरणे सुरुवातीला मऊ असतात, पण उष्ण-दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतात किंवा पापुद्रे सोडतात. खऱ्या कातड्यांत बकऱ्याचे सर्वांत टिकाऊ आणि लवचीक, वासराचे गुळगुळीत पण ओरखडे लवकर धरणारे. खरे कातडे घेताना त्याचे अस्तरही विचारा. आत कागदी अस्तर पुठ्ठ्याला चिकटवलेले असेल, तर जिल्द ताठ राहते. आत कातड्याचेच अस्तर आणि त्याची पट्टी पहिल्या फर्म्याला जोडलेली असेल, तर प्रत हातावर कापडासारखी लवते.

पण क्रम चुकवू नका. शिवलेली आणि साध्या कापडी पुठ्ठ्याची प्रत कातड्यातल्या चिकटवलेल्या प्रतीपेक्षा कितीतरी वर्षे अधिक टिकते. शिवण शाबूत असली, तर उद्या जिल्द फाटली तरी चांगला बांधणीकार नवी चढवून देतो. चिकटवलेल्या गठ्ठ्यावर कितीही भारी कातडे चढवले, तरी आतली पाने सुटायची थांबत नाहीत.

सुटलेल्या पानांना पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरांत मुरतो आणि पट्टी सुटली तरी डाग राहतो. पान फाटले असेल, तर लांब तंतूंचा पातळ जपानी कागद गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावावा. खळ अगदी पातळ पुसायची, वर-खाली मेणकागद ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवायचे.

प्रश्न : समासात टिपणे लिहितो. शाई मागे फुटते. कोणते पेन वापरावे?

पाण्यासारखी पातळ शाई, म्हणजे फाउंटन पेन आणि बहुतेक मार्कर, बायबलच्या कागदात झिरपतेच. बॉलपेनची शाई झिरपत नाही, पण टोकाचा दाब मागच्या पानावर उठतो. बारीक टोकाचे पिगमेंट शाईचे पेन किंवा मध्यम मऊ पेन्सिल वापरा आणि पानाखाली जाड कार्ड सरकवून लिहा. रंगवायला ओले हायलायटर नकोत, मेणासारखे कोरडे किंवा रंगीत पेन्सिली घ्या. काहीही वापरण्याआधी शेवटच्या कोऱ्या पानावर रेघ ओढा आणि दुसऱ्या दिवशी मागची बाजू पाहा. पुष्कळ लिहिणार असाल, तर बाहेरचा समास निदान २५ मिलिमीटर असलेली प्रत शोधा.

प्रश्न : नव्या प्रतीच्या सोनेरी कडा एकमेकींना चिकटल्या आहेत आणि पाने मध्येच वर उचललेली राहतात. काय करावे?

सोनेरी मुलामा पानांच्या गठ्ठ्यावर एकदमच चढवलेला असतो, म्हणून पाने चिकटलेली येतात. झटक्याने उघडली, तर कडेचे तुकडे निघतात. कोपऱ्याजवळून अंगठ्याने एकेक पान हलकेच मोकळे करा. घाईत दोन पाने एकत्र उलटली जातात, तेव्हा पृष्ठांक पाहत जा.

मग प्रत पाठीवर टेबलावर उभी धरा. पुढची जिल्द खाली सोडा, मागची सोडा. पुढून २०-३० पाने घेऊन घळीजवळ वरपासून खालपर्यंत बोट फिरवा, तेवढीच मागून घ्या आणि असे आळीपाळीने मध्यापर्यंत या. पहिल्याच दिवशी मधोमध उघडून दाबले, तर सगळा ताण एका जागी येतो, पाठीवर कायमची घडी पडते आणि पुढे प्रत त्याच पानावर उघडत राहते. हे आठवडाभरात दोनदा करा.

त्यानंतरही पाने कमानीसारखी उभीच राहत असतील, तर कागदाच्या तंतूंची दिशा चुकली असण्याचा संभव आहे. तंतू पाठीला समांतर हवेत. ते आडवे असले, की पान उलटताना ताठ राहते आणि ओल धरली की पाठीजवळ लाटा उठतात. ही चूक छापतानाचीच, कितीही वापरले तरी जात नाही. म्हणून घेण्यापूर्वीच प्रत मधोमध उघडून हात काढून घ्या आणि पाने आपणहून खाली बसतात का, ते पाहा.